थंडीत डिझेल का गोठतं? उत्तरेचं भाडं घेण्याआधी हे वाचा



ट्रान्सपोर्टच्या व्हिडिओनंतर एका नव्या गाडीमालकाने वर्गात विचारलं, "सर, जानेवारीत नाशिकहून श्रीनगरला द्राक्षांचं भाडं मिळतंय. दर चांगला आहे. घेऊ का?" मी त्याला उलट विचारलं, "रात्री तिकडे गाडी उभी राहिली आणि सकाळी डिझेल गोठलं, तर काय करशील?" तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. आपल्याकडे डिझेल गोठताना कुणी पाहिलेलंच नसतं, म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊ.

नेमकं होतं काय?

थंडीत घरातली खोबरेल तेलाची बाटली आठवा. आधी तेल धुरकट दिसतं, मग पांढरं होतं आणि शेवटी बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. डिझेलचंही तसंच आहे. डिझेलमध्ये मुळातच पॅराफिन नावाचं मेण विरघळलेलं असतं. पारा उतरला की या मेणाचे बारीक कण तयार होतात आणि डिझेल गढूळ होतं. आणखी गार झालं की ते कण एकमेकांना चिकटतात आणि डिझेल जेलीसारखं घट्ट होतं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. गाडी बंद पडायला सगळं डिझेल गोठावं लागत नाही. टाकीतलं डिझेल हलत असतं, पण मेणाचे कण फिल्टरच्या जाळीवर थर धरतात आणि इंजिनपर्यंत डिझेल पोहोचतच नाही. म्हणून डिझेलचा दर्जा ठरवताना 'किती तापमानापर्यंत ते फिल्टरमधून जातं' हे मोजतात. भारतीय मानकानुसार ही मर्यादा उन्हाळी डिझेलसाठी 18 अंश सेल्सिअस आणि हिवाळी डिझेलसाठी 6 अंश आहे. प्रत्यक्षात मिळणारं डिझेल याहून चांगलं असू शकतं, पण खात्री एवढ्याचीच. श्रीनगरला जानेवारीत रात्रीचा पारा शून्याखाली जातो. द्रास, लेहकडे तर उणे 15, उणे 20 ही नेहमीची गोष्ट.

त्रास चालताना नाही, थांबल्यावर होतो

चालत्या गाडीत इंजिनाकडून परत येणारं डिझेल थोडं गरम असतं, त्यामुळे बऱ्याचदा निभावतं. खरी परीक्षा रात्रीच्या मुक्कामाला होते. बर्फामुळे किंवा दरड कोसळल्यामुळे जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद झाला, की ट्रक रांगेत एकेक, दोन-दोन दिवस उभे असतात. तिथे सकाळी गाडी स्टार्ट झाली नाही, तर मागे द्राक्षं आणि पुढे व्यापाऱ्याचा फोन.

पहिला नियम: डिझेल कुठलं भरलं ते बघा

पंपावर डिझेल त्या भागातल्या हवामानाला धरून येतं. तुम्ही उबदार भागात टाकी फुल्ल केली आणि तीच टाकी घेऊन बर्फात गेलात, तर अडचण तुम्ही स्वतःच सोबत नेली. म्हणून थंड भागात शिरताना जुनं डिझेल कमीत कमी राहील असा हिशेब करा आणि मुक्कामाआधी तिथल्याच पंपावर भरा. भरल्यावर थोडं अंतर गाडी चालू द्या, म्हणजे नवं डिझेल पाइप आणि फिल्टरपर्यंत पोहोचेल.

लडाखसाठी तर वेगळं डिझेल आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये इंडियन ऑइलने तिथे खास हिवाळी डिझेल आणलं. पानिपतच्या रिफायनरीत बनणारं हे डिझेल उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहतं. तिकडे जाणार असाल तर पंपावर 'विंटर ग्रेड' आहे का, हे विचारूनच भरा.

निघण्याआधीची तयारी

1. डिझेल फिल्टर नवीन बसवा आणि एक जादा सोबत ठेवा. ड्रायव्हरला तो बदलून एअर काढता आली पाहिजे.
2. वॉटर सेपरेटरमधलं पाणी काढा. थंडीत पाणीही गोठतं.
3. मुक्कामाला टाकी भरलेली ठेवा. रिकाम्या जागेतल्या हवेची वाफ धरते आणि तिचं पाणी डिझेलमध्ये उतरतं.
4. डिझेल गोठू नये म्हणून टाकायचं औषध मिळतं. ते तुमच्या गाडीला चालतं का हे सर्व्हिस सेंटरला विचारा, बाटलीवरचं प्रमाण पाळा आणि डिझेल गढूळ होण्याआधी टाका. गोठल्यावर त्याचा उपयोग नाही.
5. बॅटरी तपासून घ्या. थंडीत तिची ताकद कमी होते आणि इंजिन फिरवायला मात्र जास्त जोर लागतो.
6. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी नको, कूलंट हवा.
7. बीएस-6 गाडी असेल तर युरियाचं द्रावण, म्हणजे डीईएफ, उणे 11 अंशांना गोठतं. गोठताना ते फुगतं, म्हणून ती टाकी काठोकाठ भरू नका.

हे अजिबात करू नका

टाकीखाली जाळ पेटवू नका. "सगळेच करतात" असं ड्रायव्हर सांगेल. ऐकू नका. त्यात गाडी आणि माणूस दोन्ही जाऊ शकतात.

रॉकेल मिसळू नका. जुन्या गाड्यांत लोक ते खपवून घेत. रॉकेलला वंगण कमी असतं, आजच्या इंजिनाचा पंप आणि इंजेक्टर त्याने खराब होतात. शिवाय डिझेलमध्ये भेसळ हा गुन्हा आहे.

गाडी स्टार्ट होत नाही म्हणून सेल्फवर सेल्फ मारू नका, बॅटरीही जाईल. गाडी उन्हात किंवा आडोशाला घ्या, कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडाने फिल्टर गरम करा, नाहीतर फिल्टर बदला. सूर्य वर येईपर्यंत थांबणं कधीकधी सगळ्यात स्वस्त पडतं.

आणि ड्रायव्हरला बजावून सांगा, बंद केबिनमध्ये शेगडी लावून झोपायचं नाही. तो विषारी वायू कळतही नाही.

आता धंद्याचा हिशेब

समजा, गाडीचा हप्ता दिवसाला 2,000 रुपये पडतो, ड्रायव्हर-क्लीनरचा पगार आणि भत्ता 1,800, विमा-कर वगैरे 700. म्हणजे गाडी उभी राहिली तरी रोज 4,500 रुपये जातात. दोन दिवस अडकली तर 9,000, वर मिस्त्री आणि मालाची नुकसानभरपाई. त्यापुढे फिल्टर आणि औषधाचा खर्च किरकोळ आहे.

म्हणून हा खर्च भाडं ठरवतानाच दरात धरा. रस्ता बंद राहिला तर थांबण्याचे दिवसाला किती, हे व्यापाऱ्याकडून आधी लिहून घ्या. परतीच्या सफरचंदांची तारीख देताना हातात दोन दिवस राखून द्या.

आमच्या त्या मित्राने भाडं घेतलं, पण आधी व्यापाऱ्याशी पुन्हा बोलून दर वाढवून घेतला. "थंडीचा खर्च" म्हटल्यावर व्यापाऱ्याने वाद घातला नाही. त्याला तो रस्ता आपल्यापेक्षा जास्त माहीत होता.

तुम्हीही आज एक काम करा. वहीत तुमच्या गाडीचा उभ्या दिवसाचा खर्च काढा. तो आकडा माहीत नसेल, तर लांबचं कुठलंच भाडं अजून घेऊ नका.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.