सराईच्या मागचं मैदान

वेल्सची राजधानी कार्डिफ. तिथल्या रग्बीच्या जगप्रसिद्ध मैदानाचं जुनं नाव 'कार्डिफ आर्म्स पार्क'. यातलं 'आर्म्स' म्हणजे हात नव्हेत आणि शस्त्रंही नव्हेत. ती सरदार घराण्यांची कुलचिन्हं. ब्रिटनमधल्या सरायांच्या दारावर अशी चिन्हं रंगवलेली पाटी टांगलेली असे, अक्षरओळख नसलेल्या वाटसरूलाही ती कळे. कार्डिफ आर्म्स ही अशीच एक सराई, घोडागाड्या थांबण्याची. तिच्या मागे टॅफ नदीकाठची दलदलीची जमीन होती, ब्यूट घराण्याच्या मालकीची. तिथं आधी क्रिकेट सुरू झालं, मग रग्बी. सराई एकोणिसाव्या शतकातच पाडली गेली. नाव मात्र मैदानाला चिकटून राहिलं. रग्बीच्या शेजारी पब उभे राहिले असं आपण समजतो. कार्डिफमध्ये क्रम उलटा आहे.

'पब' म्हटलं की आपल्यासमोर पुण्या-मुंबईतला अंधार आणि ढणढणाट येतो. मूळ शब्द 'पब्लिक हाउस', म्हणजे चारचौघांचं घर. क्वे स्ट्रीटवरचा 'सिटी आर्म्स' हा त्या जुन्या वळणाचा. समोरच 1999 साली आर्म्स पार्कच्याच जागेवर उभं राहिलेलं, सुमारे 74 हजार प्रेक्षकांचं, मिटतं-उघडतं छत असलेलं स्टेडियम. मोठी मैदानं बहुधा गावाबाहेर असतात. हे भर बाजारपेठेत आहे. त्यामुळे सामन्याच्या दिवशी आसपासचे रस्ते वाहनांना बंद होतात आणि पब म्हणजे स्टेडियमचा ओटाच होतो.

इथं टेबलाशी बसून वेटरची वाट पाहणारा तहानलेलाच राहतो. काउंटरवर जायचं, मागायचं, तिथंच पैसे द्यायचे. रांग दिसत नाही, पण असते. आपल्या आधी कोण आला हे प्रत्येकाला ठाऊक असतं आणि ती मोडणं मोठं पाप. पाइंट म्हणजे 568 मिलिलिटर. पिंपातली बियर हाताच्या पंपानं ओढून देतात, ती तळघराइतकीच थंड असते. बर्फगार नाही म्हणून तक्रार करू नये. चौघं आले तर एक जण चौघांचं आणतो, मग दुसरा. आपली पाळी आली की सटकणारा माणूस वर्षानुवर्षं लक्षात ठेवला जातो. आणि फुटबॉलमध्ये न दिसणारी गोष्ट अशी की दोन्ही संघांचे पाठीराखे स्टेडियमात शेजारी बसतात, तसे इथंही एकाच काउंटरला टेकतात.

पण खरी गंमत त्यांच्या गाण्यात आहे. 1881च्या मार्चमध्ये वेल्सची रग्बी संघटना स्थापन झाली, तीही नीथ गावातल्या कॅसल हॉटेलात. त्याच वर्षी वेल्समधले पब रविवारी बंद ठेवण्याचा कायदा झाला. त्यामागे जोर होता चॅपलचा, म्हणजे अँग्लिकन चर्चपासून फुटलेल्या साध्यासुध्या, कडक सोवळ्या पंथांच्या प्रार्थनामंदिरांचा. पब आणि रग्बी ही त्यांच्या लेखी एकाच दारातली दोन पापं. 1904-05च्या धार्मिक लाटेत, इव्हान रॉबर्ट्स या माजी खाणकामगाराच्या प्रवचनांनंतर, काही गावांतले रग्बी क्लबही बंद पडले. त्याच 1905च्या 16 डिसेंबरला आर्म्स पार्कवर वेल्सनं न्यूझीलंडला 3-0 असं हरवलं. पाहुण्यांच्या हाकानृत्याला उत्तर म्हणून खेळाडूंनी राष्ट्रगीत सुरू केलं, प्रेक्षकांनी ते उचललं. चार-चार सुरांत गाण्याची तालीम या लोकांना चॅपलनंच दिली होती.

आज वेल्समधली चॅपल ओस पडली आहेत, कित्येक विकली गेली. 'कुम रोन्दा'सारखी त्यांची स्तोत्रं मात्र सामन्याच्या दिवशी पबात, हातात ग्लास धरून म्हटली जातात. आपल्याकडे अभंग गुत्त्यात जपले गेले असते, तर काय म्हटलं असतं कोण जाणे! मला यात विटंबना दिसत नाही. ज्यांना शब्दांचा अर्थ पुरता लागत नाही, तेही आपापला सूर बरोबर धरतात.

1995पर्यंत या खेळात खेळायचे पैसे मिळत नसत. खेळाडू कुणी खाणीत, कुणी शाळेत कामाला. सामन्यानंतर तोही याच काउंटरवर. आता तो पगारी झाला आणि बसमधून थेट निघून जातो. चांगल्या जागेचं तिकीट 100 पौंडांच्या पुढे जातं. ज्याला ते झेपत नाही, तो भिंतीवरच्या पडद्यावर सामना पाहतो. समोरच्या स्टेडियमातली आरोळी त्याला पडद्याच्या क्षणभर आधी ऐकू येते.

ही जागाही किती दिवस राहील? कार्डिफचा 'व्हल्कन' हा पब 1853चा. तो वाचवायला लोक वर्षानुवर्षं झगडले, तरी 2012 साली बंद झाला. मग त्याच्या विटा-फरश्या उतरवून सेंट फॅगन्सच्या लोकजीवन संग्रहालयात तो पुन्हा बांधला. 2024पासून 1915च्या रूपात तो उघडा आहे, तिथं बियरही मिळते. पण ते गाव शहराच्या पश्चिमेला, बरंच बाहेर. सामना संपल्यावर गात-गात चालत जावं, इतकं जवळ नाही.