जर्मनीतील कायम वास्तव्य : प्रवाद आणि वस्तुस्थिती

मार्च २०२० पासून जर्मनीत अंमलात असलेल्या आणि २०२३ साली सुधारणा होऊन जून २०२४ पर्यंत टप्प्याटप्प्याने शिथिल झालेल्या कुशल कामगार स्थलांतर कायद्याविषयी पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित वर्गात जे प्रवाद रूढ आहेत, त्यांचे मूळ बहुधा एकाच समजुतीत सापडते. ती म्हणजे, एकदा प्रवेश मिळाला की वास्तव्याची निश्चिती कालांतराने आपोआप पदरात पडते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये चॅन्सेलर ओलाफ शोल्झ दिल्लीस आले, त्या सुमारास भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत वाढवण्याची घोषणा झाली, आणि जणू नव्वद हजार बिऱ्हाडांची तेथे कायमची सोय झाली अशा थाटात तिचे स्वागत झाले. वस्तुतः ती केवळ प्रवेशाची गोष्ट होती. कायम वास्तव्याच्या परवान्यात भारतीयांसाठी राखीव असे काहीही नाही. 'चान्सेनकार्टे' या नव्या परवान्याचीही तीच गत. सहा गुण जमवून वा पदवीस पूर्ण मान्यता मिळवून तो हाती आला, तरी तो सामान्यतः वर्षभर नोकरी शोधण्याची आणि तोवर आठवड्यास वीस तास काम करण्याची मुभा देतो. कायम वास्तव्यासाठी लागणाऱ्या वर्षांत ही मुदत धरली जात नाही.

ती वर्षे तरी किती? मान्य पदवी वा प्रशिक्षण असलेल्या कुशल कामगारास पूर्वी चार वर्षे थांबावे लागे, आता तीन. जर्मनीतच शिक्षण पुरे केले असल्यास दोन. आणि उच्चपात्र कामगारांसाठीच्या 'ब्लू कार्ड' परवान्याच्या धारकास २७ महिने, किंवा जर्मन भाषा बी१ पातळीची असल्यास २१. परंतु ही वर्षे नुसत्या कालगणनेने भरत नाहीत, हे सांगूनही पटत नाही. तीन वर्षांच्या मार्गावर सरकारी निवृत्तिवेतन विम्याचे ३६ मासिक हप्ते भरल्याची नोंद सामान्यतः दाखवावी लागते, आणि येथेच आपल्याकडील माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्यांतून 'डेप्युटेशन'वर गेलेल्या माणसाची फसगत होते. कंपनीअंतर्गत बदलीच्या परवान्यावर तो फ्रँकफुर्टमध्ये राबतो, तेथे कर भरतो, घरभाडे देतो. पण भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा कराराच्या आधारे त्याचा भविष्यनिर्वाह निधी इकडेच चालू राहिला, तर जर्मन निवृत्तिवेतनाच्या खात्यात त्याच्या नावावर एकही हप्ता पडत नाही. शिवाय ज्या परवान्यांवरील काळ या मार्गात मोजला जातो, त्यांत बदलीचा परवाना मुळातच नाही. शेजारच्या मेजावर बसणारा, जर्मन कंपनीच्या थेट नोकरीतला सहकारी ब्लू कार्डावर सव्वादोन वर्षांत अर्ज करतो, आणि तितकाच काळ तेच काम करणारा हा मात्र शून्यावर उभा असतो. मला यात कायद्याचा दोष दिसत नाही; पाठवताना ही बाब उमेदवारास स्पष्टपणे न सांगणाऱ्यांचा दिसतो.

कचेरीत सारे व्यवहार इंग्रजीतून चालतात, तेव्हा जर्मन कशास, हा समजही महाग पडतो. तीन वर्षांच्या मार्गास बी१ पातळी आवश्यक आहे. ब्लू कार्डाच्या २७ महिन्यांच्या मार्गातही निदान ए१ लागतेच.

नोकरी गेली की त्याच दिवशी देश सोडावा लागतो, ही भीती अतिशयोक्त आहे. मुदतीपूर्वी नोकरी सुटल्याचे परदेशी नागरिकांच्या कार्यालयास दोन आठवड्यांत कळवणे बंधनकारक आहे आणि ते कार्यालय परवान्याची मुदत कमी करू शकते, हे खरे. पण तसा हुकूम निघेपर्यंत परवाना आपोआप रद्द होत नाही.

कायम वास्तव्य म्हणजे नागरिकत्व, हा घोटाळा तर नित्याचा. जून २०२४ पासून जर्मनी दुहेरी नागरिकत्व मान्य करते, परंतु भारत करीत नाही; १९५५ च्या आपल्या कायद्यान्वये स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. कायम वास्तव्याच्या परवान्याने पासपोर्ट भारतीयच राहतो. मात्र हा परवानाही अढळ नव्हे : सहा महिन्यांत जर्मनीस न परतल्यास तो सामान्यतः रद्द होतो. तेव्हा आजारी आईवडिलांच्या सेवेसाठी अधिक काळ गावी राहण्याचा प्रसंग आल्यास, निघण्यापूर्वीच परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून वाढीव मुदत लेखी मंजूर करून घ्यावी.