कॅमशाफ्ट बदलताय? आधी वेग ठरवा

जुन्या गाडीचं इंजिन खोललं, की मालकाला एक मोह हमखास होतो. एवढा खर्च होतोच आहे, तर कॅमशाफ्टही रेसिंगचाच बसवून घेऊ! जाणता मेकॅनिक मात्र उलट विचारतो, ‘गाडी चालवणार कुठे?’ प्रश्न साधा वाटतो, पण कॅम निवडण्यामागचं सगळं विज्ञान त्यातच आहे.

उदाहरणासाठी एमजीबी घेऊ. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला तयार झालेली ही स्पोर्ट्स कार. तिच्या १७९८ सीसी इंजिनाचं घराणं आपल्याला परकं नाही. ॲम्बेसेडरचं जुनं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन याच ‘बी-सिरीज’ कुळातलं.

या इंजिनात कॅमशाफ्ट ब्लॉकच्या आत, क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यावर आठ उंचवटे असतात. त्यांना लोब म्हणतात. प्रत्येक व्हॉल्व्हसाठी एक. लोब टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबून उघडतो. व्हॉल्व्ह कधी उघडणार, किती उघडणार आणि किती वेळ उघडा राहणार, हे तिन्ही लोबच्या आकारावर ठरतं.

शाळेच्या पुस्तकात पिस्टन खाली निघाला की इनलेट व्हॉल्व्ह उघडतो आणि तळाला पोचला की बंद होतो. एमजीबीच्या मूळ कॅमवर मात्र इनलेट, पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या १६ अंश आधीच उघडतो आणि पिस्टन तळ गाठून परत वर निघाला, तरी पुढचे ५६ अंश उघडाच राहतो. म्हणजे क्रँकशाफ्टच्या फिरण्यातले १८० ऐवजी २५२ अंश. इतका उशीर कशासाठी? कारण हवेलाही वजन असतं. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर हे २५२ अंश अवघ्या ७ मिलिसेकंदांत संपतात. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण तेव्हा इतक्या जोरात येत असतं, की पिस्टन थांबला म्हणून ते थांबत नाही. एसटीने करकचून ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे जातात, तसं ते सिलिंडरमध्ये शिरतच राहतं.

१००० फेऱ्यांवर चित्र उलटतं. त्याच कामाला आता ४२ मिलिसेकंद मिळतात, पण मिश्रणात जोर नसतो. वर येणारा पिस्टन त्यातलं थोडं उघड्या इनलेटमधून मागे मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. रेसिंग कॅममध्ये इनलेट आणखी उशिरा मिटतो. त्यामुळे वरच्या वेगात ताकद वाढते आणि खालच्या वेगातली जाते. शिवाय इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच वेळी उघडे असण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, वाढतो. मूळ कॅमवर तो ३७ अंश आहे. तो वाढला की आयडलिंगला जळालेला वायू इनलेटकडे शिरतो आणि गाडी सिग्नलला उभी असताना थरथरते.

बी-सिरीजमध्ये आणखी एक गोम आहे. सिलिंडर चार, पण इनलेटच्या वाटा दोनच: एक आणि दोन नंबरला मिळून एक, तीन आणि चार नंबरला मिळून दुसरी. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. म्हणजे दोन नंबरचा इनलेट मिटण्याआधीच एक नंबरचा उघडतो. मूळ कॅमवरही ५६ आणि १६ मिळून ७२ अंश दोघे एकाच वाटेतून ओढत असतात. कॅम जितका रेसिंगचा, तितकी ही ओढाताण जास्त आणि सिलिंडरमधली वाटणी तितकी असमान. म्हणून दुसऱ्या इंजिनाला मानवलेले आकडे इथे डोळे झाकून वापरता येत नाहीत.

आकडे वाचतानाही सावध राहावं. व्हॉल्व्ह ‘उघडला’ असं कधी म्हणायचं, हे प्रत्येक उत्पादक आपापल्या पद्धतीने ठरवतो. कुणी हालचाल सुरू होताच मोजतो, कुणी ०.०५० इंच उचल झाल्यावर. एकाच कॅमचे त्यामुळे दोन वेगळे आकडे निघतात. तुलना करायची तर मोजण्याची पद्धत एकच हवी.

नव्या कॅमसोबत टॅपेटही नवेच घ्यावेत. टॅपेटचा तळ दिसायला सपाट, पण खरं तर तो किंचित फुगीर असतो आणि लोबच्या पाठीला अगदी बारीक उतार असतो. त्यामुळे लोब टॅपेटच्या मधोमध न टेकता थोडा बाजूला टेकतो आणि टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो. फिरला तर झीज सगळीकडे वाटली जाते. अडकला तर लोबचं टोक घासून जातं. म्हणून बसवताना विशेष ग्रीस लावतात आणि इंजिन सुरू होताच आयडलिंगला न सोडता पहिली २० मिनिटं २००० फेऱ्यांच्या वर ठेवतात.

ऑइलकडेही लक्ष हवं. टॅपेटला वाचवणारं जस्त-फॉस्फरसचं संयुग कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारक ठरतं. त्यामुळे २००४ च्या एपीआय ‘एसएम’ श्रेणीत ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडना फॉस्फरसची ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. जुन्या इंजिनांना चालणाऱ्या २०डब्ल्यू-५० ला ती लागू नव्हती. डब्यावरची ग्रेड पाहूनच ऑइल घ्यावं.

एकच कॅम सगळ्या वेगांना पुरत नाही, ही अडचण कारखान्यांनाही होती. अल्फा रोमिओने १९८० मध्ये स्पायडरला व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा दिली आणि १९८९ मध्ये होंडाने व्हीटेक आणलं. एमजीबीच्या मालकाला ही सोय नाही. त्याला एकाच आकारावर भागवायचं आहे. सुरुवातीच्या एमजीबीचा सर्वाधिक टॉर्क ३००० फेऱ्यांच्या आसपास मिळायचा, आणि रस्त्यावर गाडी बहुतेक वेळ तिथेच चालते. कार्ब्युरेटर, एक्झॉस्ट आणि कॉम्प्रेशन मूळचंच ठेवणार असाल, तर मूळ कॅम किंवा त्याहून जेमतेम पुढचा घ्यावा. रविवारी फेरफटका मारणाऱ्या गाडीत ६००० फेऱ्यांसाठीचा कॅम घालणं म्हणजे पदरचे पैसे खर्चून पिकअप घालवणं.