उसाची नोंद : वहीकडून मोबाइलकडे



कारखान्याच्या ताळेबंदात यंत्रसामग्री, गोदामे, वजनकाटा यांची किंमत मांडलेली असते. पण आपली एक मोठी मालमत्ता त्यात कोठेच दिसत नाही. ती म्हणजे माहिती. कोणाच्या गटात किती ऊस, कोणत्या जातीचा, कोणत्या तारखेला लावलेला, पाणी विहिरीचे की डाव्या कालव्याचे, हे ठाऊक नसेल तर कितीही मोठा कारखाना आंधळाच. आता ही माहिती वहीतून मोबाइलमध्ये जात आहे. यात आपल्याला काय मिळते आणि काय हातचे जाऊ शकते, ते समजून घेऊ.

पूर्वी लागण झाली की चिटबॉय बांधावर यायचा, पावले टाकून किंवा टेप धरून क्षेत्र मोजायचा आणि वहीत लिहायचा. तीच नोंद गट ऑफिसात व तेथून शेतकी खात्यात जाई. लागणीच्या तारखेवरून तोडणीची क्रमवारी ठरे. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा हा हिशेब त्या एका तारखेवर उभा असतो. तारीख चुकली तर कोवळा ऊस आधी तुटतो आणि पक्व ऊस तुरा येऊन, पोकळ पडून वाट बघत राहतो. पहिल्यात कारखान्याचा उतारा जातो, दुसऱ्यात आपले वजन जाते.

नोंदच नसली तर काय होते, याचा साधा हिशेब करू. समजा, एका गावात ५० एकर ऊस नोंदीबाहेर राहिला. एकरी ३५ टन धरले तर १,७५० टन झाले. रोज २,५०० टन गाळणाऱ्या कारखान्याला हे एका दिवसाचेही काम नाही. पण अशी ४० गावे असली की आकडा ७०,००० टनांवर जातो, म्हणजे २८ दिवसांचे जादा गाळप! तोडणीच्या टोळ्या, गाड्या, हंगामाचा शेवट हे सगळे नोंदीवर बेतलेले असते. हे २८ दिवस मग एप्रिल-मेच्या उन्हात काढावे लागतात.

हे नुसते कागदावरचे गणित नव्हे. २०२१-२२ च्या हंगामात महाराष्ट्रात सुमारे १३७ लाख टन साखर झाली, राज्य देशात पहिले आले. त्याच हंगामात मराठवाड्यातला ऊस मात्र जूनपर्यंत फडात उभा होता. पाऊसपाणी चांगले, क्षेत्र वाढलेले, मजूर कमी, अशी कारणे अनेक होती. नोंदीबाहेरचा ऊस हे त्यांतलेच एक. त्यानंतर २०२२ मध्ये साखर आयुक्तालयाने ‘महा-ऊस नोंदणी’ हे मोबाइल अॅप काढले. शेतकऱ्याने आपल्या उसाची माहिती आपल्याच हाताने भरावी, हा त्यामागचा विचार.

पण मोबाइल आला म्हणजे काम झाले, असे नाही. याबाबतीत कोल्हापूर जिल्ह्यातील वारणेचा अनुभव शिकण्यासारखा आहे. वारणानगरच्या सहकारी परिसरात १९९८ मध्ये केंद्र व राज्य सरकारच्या मदतीने ७० गावांची संगणक योजना सुरू झाली. गावागावांत माहिती केंद्रे उघडली. तेथे पीकसल्ला, बाजारभाव, शिक्षण असे पुष्कळ काही मिळावे, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात शेतकरी तेथे प्रामुख्याने कशासाठी गेला? आपल्या उसाचे वजन, तोडणीचा परवाना, खताची उचल, आपले बिल यांसाठी. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या संदेशाने तीच माहिती देऊन पाहिली. खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ती पद्धत जास्त पसंत पडली. धडा सोपा आहे. यंत्र किती भारी, याला शेतकरी महत्त्व देत नाही. माझ्या खात्यातले मला माझ्या बांधावर, हवे तेव्हा दिसते का, एवढेच तो बघतो.

आता मोजणीचे बघू. मोबाइल हातात धरून बांधावरून फेरी मारली की क्षेत्र निघते. परंतु साध्या मोबाइलच्या जागेच्या अंदाजात काही मीटरचा फरक पडू शकतो. ४५ मीटर लांब आणि तितकेच रुंद रान म्हणजे २० गुंठे. दोन्ही बाजूंनी तीन-तीन मीटर कमी धरले गेले तर नोंद साडेसतरा गुंठ्यांच्या आतच होते. मोठ्या रानात हा फरक विशेष जाणवत नाही, लहान तुकड्यात जाणवतो. म्हणून मोजणी होताना स्वतः हजर राहावे आणि आकडा सातबाऱ्याशी ताडून बघावा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. वहीत जेवढे लिहिलेले असे, त्याहून जास्त जुन्या चिटबॉयच्या डोक्यात असे. कोणत्या शिवारात पाऊस पडला की आठ दिवस गाडी निघत नाही, कोणत्या रस्त्यावरून वाद आहे, कोणाची विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते, हे त्याला तोंडपाठ. हा माणूस निवृत्त झाला की हे सगळे त्याच्याबरोबर घरी जाते. अॅपमध्ये त्यासाठी रकाना नसतो. आमचे म्हणणे असे की, जुन्या माणसांना नव्या पोरांबरोबर एक हंगाम तरी फिरवावे आणि गाववार टिपण करून गट ऑफिसात ठेवावे. अशा टिपणाला खर्च कितीसा येतो?

तिसरी गोष्ट हक्काची. माहिती सभासदाची आहे, कारखाना तिचा राखणदार. नोंद, क्रमवारी आणि वजन ज्याचे त्याला दिसले पाहिजे. चूक असेल तर ती कोठे सांगायची आणि किती दिवसांत दुरुस्त होणार, हेही ठाऊक पाहिजे. क्रमवारी उघडी असली की वशिल्याची कुजबुज आपोआप थांबते. ज्याच्याकडे चांगला मोबाइल नाही, त्याच्यासाठी गट ऑफिसाची भिंत आणि यादी आहेच. ती बंद करू नये.

सभासदांनी आपल्याकडून एवढे करावे : लागण होताच नोंद करावी. तारीख, जात व गट नंबर आपल्या वहीतही लिहावेत. को ८६०३२ लावून कोएम ०२६५ सांगू नये. खोडव्याची नोंद वेगळी करावी. वजनाची प्रत्येक पावती हंगाम संपेपर्यंत जपावी आणि मोबाइलवरच्या आकड्याशी जुळवावी. पोराला मोबाइल समजतो म्हणून सगळे त्याच्यावर सोडू नये. आकडा त्याने वाचावा, तपासावा आपण.

आपल्याच घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. दासबोधात, एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी, त्यांनी एक सबंध समास लेखनाला दिला आहे. अक्षर स्वच्छ कसे काढावे, कागद कसा जपावा, इतके बारकाईने त्यांनी सांगितले. लिहिलेले टिकले तरच ते पुढच्याच्या कामी येते. तेव्हा कागद होता, आता मोबाइल आहे. खरी नोंद करायची आणि ती जपायची, हे काम अजून माणसाचेच आहे.