३.३ सेकंद की ३४ दिवस?

चार आकडी पिनच्या शक्यता अवघ्या १०,०००. तरीही एटीएमसमोर तो पुरतो, कारण दोन-तीनदा चुकलात की कार्ड बंद पडते. सहा आकडी ओटीपीच्या शक्यता दहा लाख. तिथेही वेळ थोडा असतो आणि चुका मोजल्या जातात.

पासवर्डांची अख्खी फाइल चोरीला गेली, की ही मोजदाद संपते. फाइल चोराच्या संगणकावर असते आणि तिथे त्याला अडवणारे कोणी नसते. जबाबदार कंपनी पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही. ती त्याचा हॅश ठेवते, म्हणजे एका गणिती सूत्रातून निघालेली ओळ. त्या ओळीवरून मूळ पासवर्ड उलटा काढता येत नाही. मग चोर अंदाज बांधतो: एक शब्द घ्यायचा, त्याच सूत्रातून काढायचा, जुळतो का ते पाहायचे.

इंग्रजीतल्या कोणत्याही आठ लहान अक्षरांचा पासवर्ड धरा. शक्यता होतात सुमारे २०,८८२ कोटी. सेकंदाला एक अशा वेगाने त्या तपासायला ६,६०० वर्षे लागतील. डिसेंबर २०१२ मध्ये ऑस्लोच्या परिषदेत जेरेमी गॉस्नी यांनी २५ ग्राफिक्स कार्डे जोडलेला संच दाखवला. ही कार्डे व्हिडिओ गेमसाठी विकली जाणारीच. एसएचए-१ या सूत्रावर तो संच सेकंदाला ६,३०० कोटी अंदाज तपासत होता. म्हणजे सगळ्या शक्यता ३.३ सेकंदांत संपल्या! २०२२ मध्ये आलेले एकच महागडे कार्ड त्याच सूत्रावर सेकंदाला सुमारे ५,००० कोटींपर्यंत जाते.

पण त्याच संचाला बीक्रिप्ट हे दुसरे सूत्र दिले, तेव्हा वेग सेकंदाला ७१,००० वर आला. ते मुद्दामच संथ बांधलेले आहे, आणि कंपनीला हवे तर आणखी संथ करता येते. तोच आठ अक्षरी पासवर्ड, तेच यंत्र, आणि आता लागतात ३४ दिवस. बारा अक्षरे घेतली तर एसएचए-१ खाली साडेसतरा दिवस, बीक्रिप्टखाली साडेबेचाळीस हजार वर्षे. अर्थात अक्षरे सोडत काढल्यासारखी निवडलेली असतील तरच. माणसे तशी निवडत नाहीत. २००९ मध्ये रॉकयू कंपनीचे ३.२ कोटी पासवर्ड चोरीला गेले, तेही हॅश न केलेले. त्यांत १२३४५६ वापरणारे सुमारे २ लाख ९० हजार होते. ती यादी आजही अंदाजांची सुरुवात म्हणून वापरली जाते.

ग्राहकाने पासवर्डात कॅपिटल अक्षर घालावे, आकडा घालावा, चिन्ह घालावे, असा आग्रह सगळे धरतात. कंपनीने कोणते सूत्र वापरले हे मात्र ग्राहकाला कोणी सांगत नाही. ३.३ सेकंद आणि ३४ दिवस यांतला फरक त्या एका निर्णयात आहे. तो खाते उघडतानाच जाहीर करणे सक्तीचे असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

लिंक्डइनने २०१२ मध्ये एसएचए-१ वापरले होते, तेही सॉल्टशिवाय. सॉल्ट म्हणजे प्रत्येक पासवर्डात हॅश करण्याआधी मिसळलेली वेगवेगळी अक्षरे. ती नसली, की एकच अंदाज सगळ्या खात्यांशी एकदम ताडून पाहता येतो. जूनमध्ये ६५ लाख हॅश उघड्यावर आले. २०१६ मध्ये कळले, की चोरीचा आकडा ११.७ कोटी होता.

ड्रॉपबॉक्सच्या एका कर्मचाऱ्याने लिंक्डइनवरचाच पासवर्ड कामाच्या ठिकाणीही वापरला होता. तेवढ्या दारातून चोर आत शिरला आणि ६.८ कोटींहून अधिक खात्यांचा तपशील बाहेर गेला. कंपनी तेव्हा जुन्या सूत्राकडून बीक्रिप्टकडे वळत होती. त्यामुळे चोरीच्या फाइलमध्ये सुमारे ३.२ कोटी पासवर्ड बीक्रिप्टखाली होते आणि उरलेले एसएचए-१ खाली. आपला पासवर्ड कोणत्या गटात आहे, हे निवडण्याची संधी त्या ६.८ कोटींपैकी कोणालाच मिळाली नव्हती.