ईश्वर सर्वज्ञ, तर माणूस स्वतंत्र कसा?

‘त्याच्या इच्छेवाचून झाडाचे पानही हलत नाही’ हे वाक्य मनीषनगरातल्या कट्ट्यावर जसे कानी पडते, तसेच गावाकडच्या पारावरही. दुःखाच्या प्रसंगी त्याचा आधार वाटतो. परंतु तेच वाक्य एखाद्या चोराने आपल्या बचावासाठी उच्चारले तर? सर्व काही ईश्वरेच्छेनेच घडत असेल, तर चोराला दोषी कसे ठरवायचे? दैव आणि पुरुषार्थ यांच्या वादातून आपल्याला परिचित असलेल्या या प्रश्नाशी मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वचिंतकांनीही सुमारे हजार वर्षे झुंज घेतली. त्यांनी दिलेले उत्तर माणूस ईश्वरासारखा आहे, या श्रद्धेशी जोडलेले आहे.

बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकानुसार ईश्वराने मनुष्याला आपल्या प्रतिरूपात, आपल्या सादृश्याने निर्माण केले. पण ईश्वराला देह नाही. मग हे साम्य नाकाडोळ्यांचे असणे शक्य नाही. ते आहे तरी कशात?

उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगरीचे बिशप संत ऑगस्टीन (३५४-४३०) यांनी ते मनाच्या ठायी शोधले. स्मृती, आकलन आणि इच्छा या तीन शक्तींमध्ये त्यांना त्रैक्य ईश्वराची छाया दिसली. इच्छास्वातंत्र्यावरील आपल्या ग्रंथात त्यांनी म्हटले, की पाप ईश्वराकडून येत नाही. श्रेष्ठ कल्याणाकडे पाठ फिरवून हलक्या सुखाकडे वळणाऱ्या इच्छेतून ते जन्मते. इच्छा स्वतंत्र नसेल तर शिक्षा आणि पारितोषिक दोन्ही अन्यायाची ठरतील. मात्र पतित मानवाला ईश्वरी कृपेवाचून सत्कर्म साधत नाही, असाही आग्रह त्यांनी उत्तरायुष्यात धरला. कृपा आणि स्वातंत्र्य यांचा मेळ कसा घालायचा, हा पेच पुढील पिढ्यांना तेथूनच मिळाला.

दुसरा पेच सर्वज्ञतेचा. मी उद्या काय करणार हे ईश्वराला आजच ठाऊक असेल, तर मला निवड उरतेच कोठे? सहाव्या शतकात कारागृहात मृत्यूची वाट पाहत असलेल्या बोएथियसने यावर उत्तर दिले. ईश्वर काळाच्या प्रवाहात नाही. भूत, भविष्य आणि वर्तमान त्याच्यापुढे एकाच वेळी उलगडलेले असतात. टेकडीवर उभ्या असलेल्या माणसाला खालच्या रस्त्यावरचे वाहन वळताना दिसते. पण त्याच्या पाहण्यामुळे ते वळत नाही. ईश्वराचे जाणणे हेही असेच पाहणे आहे, सक्ती नव्हे.

अकराव्या शतकात संत अन्सेल्म यांनी एक वेगळाच मुद्दा पुढे आणला. पाप करता येणे म्हणजे स्वातंत्र्य, अशी व्याख्या केली तर पाप करूच न शकणारा ईश्वर परतंत्र ठरेल! म्हणून स्वातंत्र्य म्हणजे मनमानी नव्हे. इच्छेची सरळता केवळ त्या सरळतेसाठीच जपण्याची ती शक्ती होय.

बाराव्या शतकातील क्लेअरव्होचे संत बर्नार्ड यांनी स्वातंत्र्याचे तीन प्रकार केले : अपरिहार्यतेपासून, पापापासून आणि दुःखापासून मुक्ती. शेवटचे दोन म्हणजे ईश्वराचे सादृश्य; ते मानवाने गमावले. पहिले, म्हणजे होकार वा नकार देण्याची शक्ती, हे मात्र ईश्वराचे प्रतिरूप. ते अत्यंत अधःपतित माणसातूनही पुसले जात नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या विचाराला व्यवस्थित चौकट दिली. लांडगा दिसताच मेंढी उपजत प्रेरणेने पळते. माणूस मात्र बुद्धीने पर्याय तोलून निर्णय घेतो. बुद्धी, मुक्त निवड आणि स्वतःच्या कृतींवरील स्वामित्व यांत त्यांना ईश्वराचे प्रतिरूप दिसले. ईश्वर सर्वांचे आदिकारण असला, तरी तो प्रत्येक वस्तूला तिच्या स्वभावानुसार चालवतो. म्हणून माणसाच्या इच्छेला तो स्वतंत्र इच्छा म्हणूनच चालवतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

हा वारसा घेऊन इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले. त्यांचे मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये साष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यातील सुमारे अकरा हजार ओव्यांत मानवाची निर्मिती, आदामाचे पतन आणि ख्रिस्तचरित्र मराठी श्रोत्यांपुढे पुराणाच्या परिचित रूपात आले.

परंतु ज्या भूमीवर हे पुराण रचले गेले, तिथेच या सिद्धांताची कसोटी लागली. विश्वास ठेवणे हे इच्छेचे कार्य आहे. म्हणून ज्यांनी तो कधी स्वीकारलाच नाही, त्यांच्यावर सक्ती करू नये, असे अक्वायनस यांनी स्पष्ट सांगितले होते. मात्र एकदा स्वीकारून तो सोडणाऱ्यांवर सक्ती त्यांनी मान्य केली होती. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन स्थापन झाले आणि मधल्या खंडासह १८१२ पर्यंत चालले. साष्टीतील मंदिरे पाडली गेली. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले आणि त्यानंतर तेथील गावकर पुढाऱ्यांचीही पोर्तुगीजांनी हत्या केली. निवडीत ईश्वराचे प्रतिरूप पाहणाऱ्या परंपरेच्या छायेत निवडीचाच संकोच झाला, हे इतिहासाला नाकारता येत नाही. ही विसंगती दूर होण्यास फार काळ लागला. धर्माच्या बाबतीत कोणावरही सक्ती होऊ नये आणि या स्वातंत्र्याचा आधार मानवी प्रतिष्ठा हाच आहे, असे कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, डिसेंबर १९६५ मध्ये घोषित केले.

नागपूरकरांना सेमिनरी हिल्स परिचित आहे ते फिरण्याचे ठिकाण म्हणून. पण हे नाव ज्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून पडले, ती धर्मगुरू घडविणारी संस्था आहे. कॅथलिक नियमांनुसार भावी धर्मगुरूंना ईशज्ञानाबरोबर तत्त्वज्ञानाचाही किमान दोन वर्षांइतका अभ्यास करावा लागतो. त्या परंपरेत ऑगस्टीन आणि अक्वायनस यांना आजही मानाचे स्थान आहे. श्रद्धा असो वा नसो, त्यांच्या चिंतनातील एक गोष्ट प्रत्येकाने विचारात घ्यावी अशी आहे. निवडीची शक्ती पुसली जात नसेल, तर आपल्या अपराधाचे ओझे दैवावर टाकता येत नाही. आणि अपराध्यातही तीच शक्ती शिल्लक असेल, तर त्याला कायमचा कवडीमोल ठरविण्याचा अधिकारही कोणाला उरत नाही.