भेट कोणत्या संध्याकाळी उघडतात?

युरोपात ऑनलाइन माल विकायचं ठरलं की आपल्याकडचे बरेच विक्रेते २५ डिसेंबर ही एकच तारीख धरून बसतात. सवलत, जाहिरात, शेवटचं पार्सल निघायचा दिवस, सगळं त्या हिशेबाने ठरतं. माझ्या मते गणित इथेच चुकतं. भेट कोण कोणाला देतं आणि घरात ती कोणत्या संध्याकाळी उघडतात, हे आधी विचारायला हवं. ती संध्याकाळ देशागणिक वेगळी असते.

नेदरलँड्सचंच बघा. तिथल्या मुलांचा मोठा दिवस ५ डिसेंबर. नोव्हेंबरच्या मध्यावर सिंटरक्लास हा संत आगबोटीतून येतो आणि त्याचं आगमन टीव्हीवर थेट दाखवतात. मग पुढचे दोन-तीन आठवडे मुलं अधूनमधून रात्री शेकोटीपाशी नाहीतर हीटरपाशी बूट ठेवतात. त्यात संताच्या घोड्यासाठी गाजर असतं, सकाळी बुटात छोटीशी भेट सापडते. मोठ्या भेटी ५ तारखेच्या संध्याकाळी. थोरली मंडळी चिठ्ठ्या टाकून नावं काढतात आणि ज्याचं नाव निघेल त्याची थट्टा करणारी यमकं जुळवून भेटीला जोडतात. म्हणजे दुकानाला दोन हंगाम सांभाळायचे असतात: आधी बुटात मावतील अशा स्वस्त वस्तू, मग शेवटच्या आठवड्यात मोठी खेळणी. चॉकलेटचं अक्षर तर हवंच. प्रत्येकाला आपल्या नावाचं आद्याक्षर मिळतं आणि बारीक ‘आय’ असो की रुंद ‘एम’, वजन सारखंच ठेवतात, कोणा मुलाला कमी मिळू नये म्हणून. हे अक्षर विकणाऱ्या पानावर आधी अक्षर निवडायची सोय लागते, आणि कोणतं अक्षर किती साठवायचं हे तिथल्या नावांवरून ठरवावं लागतं.

चित्रांच्या बाबतीत तर फारच जपावं लागतं. संताचा सोबती काळा रंग फासून दाखवायची जुनी प्रथा वंशभेदी आहे, असा आक्षेप तिथे अनेक वर्षं घेतला गेला. आता पुष्कळ ठिकाणी गालांवर नुसते काजळीचे ओरखडे दाखवतात. १९९९ साली सुरू झालेलं ‘बोल’ हे तिथलं मोठं ऑनलाइन दुकान. त्याने २०२० मध्ये या सोबत्याच्या जुन्या रूपातल्या वस्तू विकणं बंद केलं. बाहेरच्या विक्रेत्याने इंटरनेटवरून एखादं जुनं चित्र उचलून पानावर लावलं, तर त्याने किती माणसं दुखावतील याची त्याला कल्पनाही नसते. तेवढी चौकशी करणं हे त्याचं कर्तव्यच आहे.

शेजारच्या जर्मनीत भेटी २४ डिसेंबरच्या संध्याकाळी उघडतात. पण रोज एक खिडकी उघडायचं, चोवीस खिडक्यांचं अ‍ॅडव्हेंट कॅलेंडर १ डिसेंबरच्या आत घरात पोचायला हवं. दोन तारखेला आलेलं कॅलेंडर शिळं झालं. शिवाय माल आधी घ्यावा, बिल नंतर भरावं, ही तिथल्या गिऱ्हाइकाची जुनी सवय. नेदरलँड्समध्ये २००५पासून ‘आयडील’वरून थेट बँकेतून पैसे भरतात. नुसतं क्रेडिट कार्ड घेणारं दुकान दोन्हीकडे लंगडं पडतं.

स्पेनमध्ये उलटी गंमत. तिथे मुलं येशूच्या जन्मकथेतल्या तीन राजांना पत्रं लिहितात, ५ जानेवारीला राजांची मिरवणूक निघते आणि भेटी ६ तारखेला मिळतात. २६ डिसेंबरला सणाचं पान उतरवणारं दुकान ऐन गर्दीत शटर ओढतं. हिवाळी सेल परंपरेने ७ जानेवारीपासून. २०१२ मध्ये कायदा सैल झाल्यावर वर्षात केव्हाही सेल लावायची मोकळीक मिळाली.

किमतीत मात्र हातचलाखी चालत नाही. मे २०२२पासून युरोपीय संघात सवलत जाहीर करताना आधीच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. दिवाळी सेलआधी भाव चढवून मग उतरवण्याचे प्रकार ज्याने पाहिलेत, त्याला या नियमाचं मोल कळेल. ऑनलाइन घेतलेली बहुतेक वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करता येते. पण नोव्हेंबरात घेतलेली भेट उघडणार २४ डिसेंबरला, म्हणून पुष्कळ दुकानं ही मुदत आपणहून जानेवारीपर्यंत वाढवतात.

सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं आणि भातुकली मला या बाजारात बघायची आहेत. डच मुलाच्या बुटात ती नेमकी मावतील. त्यासाठी रंगातल्या जड धातूंची चाचणी आणि ‘सीई’ खूण लागते. खेळणं तीन वर्षांखालच्या मुलासाठी असेल, तर लाकडी आंब्याचा देठ ओढून निघता कामा नये, कारण तो घशात अडकू शकतो. युरोपीय संघात पत्ता असलेली जबाबदार व्यक्ती किंवा संस्थाही लागते, आणि १३ डिसेंबर २०२४पासून लागू झालेल्या नियमानुसार तिचं नाव-पत्ता विक्रीच्या पानावरही द्यावा लागतो. एकट्या कारागिराला हे झेपणारं नाही. अनेकांनी मिळून खर्च उचलला तरच जमेल.

वेळापत्रकही त्यांनी एकत्र बसूनच आखायला हवं. तांबड्या समुद्रात जहाजांवर झालेल्या हल्ल्यांमुळे २०२३च्या अखेरीपासून युरोपला जाणारी बहुतेक कंटेनर जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवास दोनेक आठवड्यांनी लांबला. सिंटरक्लासची बोट येण्याआधी माल तिथल्या गोदामात पोचायला हवा. कोकणात गणपतीत हातातलं काम थांबतं, दिवाळी तर फारच उशीर. तेव्हा न्हावाशेवा बंदरात जाणाऱ्या पेट्या गणपतीआधीच बंद व्हायला हव्यात, आणि चाचणीसाठीचे नमुने त्याआधीच्या उन्हाळ्यात.